पावतीवाचून परतफेड

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींच्या संस्था आता केवळ गणेशोत्सव, कोजागिरी आणि हळदीकुंकू यांवर थांबत नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. पुष्कळ मंडळांत समाजकार्याची एखादी उपसमिती असते. ती वर्षातून दोन-तीन वेळा जवळच्या वस्तीत जाते, मुलांना वह्या देते, हिवाळ्यात ब्लँकेटे वाटते आणि सफाई कामगारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करते. या कामामागील सदिच्छेविषयी आम्हांस शंका नाही. आमची शंका निराळी आहे. ज्याला द्यावयाचे, त्याला या साऱ्या व्यवहारात कोणी काही विचारले आहे काय? आणि विचारले नसेल, तर या कार्यास ‘सामाजिक’ हे विशेषण कोणत्या आधारावर लावावयाचे?

हा प्रश्न आमच्या वाचकांस फोड करून सांगण्याचे कारण पडू नये. सरकारी कचेरीत प्रस्ताव मांडणारा एक, त्यास मंजुरी देणारा दुसरा आणि झालेला खर्च तपासणारा तिसरा असतो. सारेच अप्रामाणिक असतात अशा समजुतीने ही व्यवस्था केलेली नाही. प्रामाणिक माणसासही स्वतःची चूक सहसा दिसत नाही, एवढ्यासाठी ती केलेली आहे. परंतु दिवसभर हा दंडक कसोशीने पाळणारा गृहस्थ सायंकाळी मंडळाच्या सभेस आला, की तो सारे विसरतो. वस्तीची गरज तोच ठरवतो, तोच ती मंजूर करतो, वाटपही तोच करतो आणि वार्षिक अहवालात ‘कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला’ असा शेराही तोच मारतो. अहवालाच्या शेवटी ‘आत्मपरीक्षण’ हा भारदस्त शब्द वापरण्याची प्रथाही आहे. प्रश्नपत्रिका आपण काढावी, उत्तरे आपण लिहावी आणि गुणही आपणच द्यावे, अशी ही परीक्षा! तीत नापास कोण होणार?

हा वाद जुना आहे आणि तो या देशातील दोन थोर पुरुषांमध्ये झालेला आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे ‘हरिजन सेवक संघ’ म्हणून प्रसिद्धीस आली. घनश्यामदास बिर्ला तिचे अध्यक्ष आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, तिचे चिटणीस होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेस निघालेल्या डॉ. आंबेडकरांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बोटीवरून ठक्करबाप्पांना एक सविस्तर पत्र लिहिले. दारूबंदी, तालमी, वाचनालये, शाळा असे व्यक्ती सुधारण्याचे कार्यक्रम हाती घेण्यापेक्षा विहिरी आणि शाळा यांवरील हक्क अस्पृश्यांना प्रत्यक्ष मिळवून देण्यावर संघाने भर द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. संघाचे कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य वर्गातूनच घ्यावेत, कारण तेच हे काम जिव्हाळ्याने करतील, असेही त्यांनी सुचविले होते. त्या वर्गातही वाईट माणसे असतील, हे मान्य करूनच त्यांनी ही सूचना केली होती. या पत्राचे उत्तर आपणांस आले नाही, असे त्यांनी पुढे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

गांधीजींची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. त्यांचा युक्तिवाद असा, की हा संघ प्रायश्चित्तासाठी आहे. सवर्ण हिंदू हे ऋणको आहेत, अस्पृश्य हे धनको आहेत, आणि ऋण फेडण्याचे काम ऋणकोनेच केले पाहिजे. या विचारातील नैतिक उंची आम्ही नाकारीत नाही. दान करीत नसून देणे फेडीत आहोत, असे मानणारा मनुष्य शालीचे वाटप करून छायाचित्र काढून घेणाऱ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेला असतो. परंतु हाच दृष्टांत शेवटपर्यंत नेला तर काय होते? कर्ज किती, हे एकटा ऋणको कधी ठरवितो काय? हप्ता कोणता, व्याज किती, रोकड द्यावयाची की धान्य, हे सारे ऋणकोच्या मर्जीवर सोडणारा सावकार कोणी पाहिला आहे काय? परतफेड झाली, हे सिद्ध होते ते धनकोच्या पावतीने. पावतीवाचून केलेली परतफेड ही परतफेड नव्हे. फार तर ती ऋणकोच्या मनाची समजूत होय. संघात अस्पृश्यांस अधिकाराची जागा असावी हा आग्रह म्हणजे या पावतीचाच आग्रह होता, असे आमचे मत आहे.

यावर कोणी म्हणेल, “आम्ही जात मानीतच नाही, परमुलखात आपण सारे मराठी.” हे वाक्य ऐकावयास गोड आहे. पण ते बोलतो कोण, हे पाहावे. ज्याचे आडनाव ऐकून घरमालक दार उघडतो, त्याला जात विसरणे सोपे असते. ज्याचे आडनाव ऐकून पुढचा प्रश्न विचारला जातो, त्याने ती कशी विसरावी? आपल्याच वसाहतीत मराठी बोलणारे शिपाई, वाहनचालक, सफाई कामगार आणि आता तर वरिष्ठ अधिकारीही आहेत, ज्यांनी किंवा ज्यांच्या वडिलांनी १९५६ नंतर बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांतील किती जण मंडळाच्या कार्यकारिणीवर आहेत? बोलावूनही ते येत नाहीत, हे उत्तर ठरलेले असते. परंतु कार्यक्रम ठरविताना त्यांना बोलावले होते, की ठरलेल्या कार्यक्रमास पाहुणे म्हणून बोलावले होते? या दोन आमंत्रणांतील भेद न समजण्याइतका आमचा वाचक अजाण नाही.

दुसरा आक्षेप असा, की अशा गोष्टी काढल्याने मंडळात राजकारण शिरेल, दुही माजेल. आक्षेपकांनी महाडची हकीकत पाहावी. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले आणि डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह परिषद भरावयाची होती. ब्राह्मणांस या चळवळीत घेऊ नये, या अटीवर ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर पाठिंबा देण्यास तयार होते. डॉ. आंबेडकरांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण व्यक्तीला नाही, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. त्यास अनुमोदन दिले ते पां. ना. राजभोज यांनी. सहस्रबुद्धे यांनी अस्पृश्यांसाठी आपली वेगळी सभा भरविली नाही. अस्पृश्यांनी भरविलेल्या सभेत, त्यांच्या नेतृत्वाखाली, त्यांनी आपले काम केले. यामुळे दुही माजली नाही. संवाद म्हणून ज्याला म्हणावे तो हा. संवाद म्हणजे खालच्या आवाजात बोलणे नव्हे, समोरच्याचे दुःख ऐकून मान हलविणेही नव्हे. दुसऱ्याने चालविलेल्या सभेत सभासद म्हणून बसता येणे, हा संवाद होय.

आपल्या बोलण्यातील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अवश्य वाटते. एप्रिल महिना आला, की मंडळाच्या बैठकीत सहज म्हटले जाते, “चौदा तारखेला हॉल मिळणार नाही, त्यांची जयंती आहे.” त्यांची! महाराष्ट्रातून कामगिरीवर दिल्लीत आलेल्या माणसांची यादी करू लागलो, तर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारा, १९४७ ते १९५१ स्वतंत्र भारताचा कायदेमंत्री असलेला आणि राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झालेला हा मनुष्य त्या यादीच्या अग्रभागी येतो. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेही दिल्लीत, २६ अलीपूर रोड येथे. २०१८ पासून त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभे आहे. पानिपतची सहल आवर्जून काढणाऱ्या किती मंडळांनी या स्मारकाची वाट धरली? ‘त्यांची’ हा एक शब्द जोवर जिभेवर सहज येतो, तोवर हजार वह्या वाटल्या तरी वस्ती आणि मंडळ यांतील अंतर बोटभरही कमी होणार नाही.

केवळ टीका करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तीन सूचना आहेत आणि तिन्ही कचेरीतल्या माणसास परिचित अशा आहेत. पहिली: समाजकार्य उपसमितीतील निम्म्या जागा ज्या वस्तीत काम करावयाचे तेथील स्त्री-पुरुषांस मताधिकारासह द्याव्यात, आणि बैठक त्यांच्या कामाच्या वेळा पाहून, त्यांच्या वस्तीत भरवावी. दुसरी: वर्षाचा जमाखर्च आणि अहवाल प्रथम वस्तीत मोठ्याने वाचावा, तेथे आलेले आक्षेप त्यात जसेच्या तसे नोंदवावेत आणि मगच तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. तिसरी: १४ एप्रिलला मंडळाने आपले व्यासपीठ वेगळे घालू नये, वसाहतीत जी जयंती होते तिची वर्गणी भरावी आणि श्रोत्यांच्या खुर्च्यांवर जाऊन बसावे. अध्यक्षपदाची अपेक्षा धरू नये.

यात मानापमानाचे प्रसंग येतील. “आम्हांला वह्या नकोत, मुलीच्या जातीच्या दाखल्याचे काम अडले आहे, तेथे चला” असे कोणी तोंडावर सांगेल. “पाच वर्षे ब्लँकेटे देता, पण तुमच्या इमारतीत झाडूवाल्या बाईंना पाण्याचा पेला वेगळा का?” असेही कोणी विचारील. हे प्रश्न टाळण्यासाठीच तर आजवर संवाद टाळला गेला, असा आमचा आरोप आहे. तो खोटा ठरावा अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिली सूचना लेखी दाखल करावी आणि तिच्यावर मतदान मागावे. बाजूने किती हात वर होतात, हे मोजून इतिवृत्तात लिहावे. आमच्या आरोपाचा निकाल त्या आकड्याने लागेल.