कातडं कानात गेलं की त्याची जात जाते काय?

पायातल्या वहाणेचं कातडं विटाळ करतं. तेच कातडं कापून, भोक पाडून, हुकाला अडकवून बाईच्या कानात लोंबलं की दागिना होतो. मग लोक ते हातात घेतात, नाकाशी नेतात, अस्सल लेदर म्हणून माना डोलावतात. कातडं तेच, ढोर तेच, रापीही तीच. बदलला तो विकणारा.

जुने पट्टे, फाटक्या पर्सा, घड्याळाचे पट्टे कापून कानातली-गळ्यातली बनवायची टूम सध्या जोरात आहे. टूम वाईट नाही. कर्जत-खालापूरसारख्या मुलखात तर तिला जागाच जागा. हा मुलूख म्हणजे मुंबईचं परसू झालाय. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येतात, फार्महाऊसं उघडतात, साहेबलोकांना हातानं काहीतरी 'घडवायची' हौस येते. अन् माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. तिथं मोटारींना बंदी, म्हणून शेकडो घोडे. घोडे म्हणजे खोगिरं, लगाम, तंग, रिकिबीचे पट्टे. हे झिजतं, तुटतं, फेकलं जातं. माथेरानच्या बाजारात चामडी चपलांची दुकानं पिढ्यान् पिढ्या आहेत. म्हणजे माल आहे, हात आहे, गिऱ्हाईक आहे. एकाच गोष्टीचा पत्ता नाही : या तिघांच्या मधे बसून पैसा कोण उचलणार?

आधी कामाचं बोलू. कारण आपल्या पोरांना भाषण येतं, रापी धरता येत नाही. (अन् रापी धरणाऱ्यांना भाषण करू दिलं जात नाही, ते वेगळं.)

पट्टा हातात आला की आधी त्याची कड कापून बघा. आत कापड दिसलं तर ते रेक्झीन, टाकून द्या, दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात. कातडं आतून निळसर-राखाडी असेल तर ते क्रोमवर कमावलेलं : मऊ, रंग टिकणारं, पण कड कितीही घासा, हवी तशी बसत नाही. आतपर्यंत तपकिरी असेल तर ते साल-हिरड्यावर कमावलेलं, अन् दागिन्याला तेच बेस. ते ओलं करून दाबलं की नक्षी धरतं. त्याची कड ओल्या फडक्यानं घासली की चकाकते. गंजके खिळे चार दिवस व्हिनेगरमधे टाकून ते पाणी त्यावर फिरवलं तर कातडं स्वतःच काळं पडतं. बाजारचा रंग लागत नाही, लोखंड अन् सालीचा अर्क एकमेकांना धरतात. घोड्याच्या लगामाच्या कातड्यात घामाचं मीठ बसलेलं असतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवायचं, मग एरंडेलाचं बोट. उन्हात टाकलं तर त्याचा पापड होणार. कानातले हुक निकेलचे घेऊ नका, पुष्कळ जणींचे कान त्यानं चिघळतात.

मर्दानी पट्टा ४० इंच लांब धरा. बक्कल अन् भोकांचा भाग सोडला की २८ इंच उरतात. २ इंचाच्या १४ पाकळ्या, म्हणजे ७ जोड. हात बसलेल्या माणसाला एका जोडाला अर्धा-पाऊण तास. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता लोक म्हणतील, वा, तुमचा परंपरागत धंदा तुम्हाला परत मिळाला! या शब्दापासून सावध. १९२७ साली महाडला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, याच आजच्या रायगडात, बाबासाहेबांनी मेलेलं ढोर अन् त्याचं मांस सोडायला सांगितलं. तेव्हा 'केसरी'तून शिंगं, खुरं, हाडं, कातडं यांचा हिशेब मांडून महारांचं केवढं नुकसान होतंय ते दाखवण्यात आलं. बाबासाहेबांनी १९५६च्या ऑक्टोबरात, नागपूरच्या भाषणात ही गोष्ट सांगितली अन् उत्तरही सांगितलं : एवढा फायदा असेल तर तुम्हीच उचला की ढोरं! कुणी उचलली? कुणी नाही. फायद्याचा हिशेब आम्हालाच शिकवायचा असतो.

माथेरानात माणसानं माणसाला रिक्षात बसवून ओढायचं, हेही पोटाच्या नावानंच चाललं होतं. २०२५च्या ऑगस्टमधे सुप्रीम कोर्टानं ते अमानुष ठरवलं, सहा महिन्यांत बंद करा म्हणाले, अन् ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या म्हणाले. पोट ठेवून अपमान काढता येतो. काढायची दानत लागते.

म्हणून फरक असा करा. जन्मानं गळ्यात पडलेलं काम अन् मनानं उचललेलं काम, ही दोन कामं आहेत, जरी दोन्हीत रापी असली. व्यवस्थेनं एका कातड्याचे किती तुकडे केले बघा : ओढणार महार, कमावणार ढोर, शिवणार चांभार, वाजवणार मांग. अन् प्रत्येकाला शिकवलं की तू दुसऱ्यापेक्षा वरचा. आज बौद्ध पोरीनं अन् चांभार पोरानं एका पाटावर बसून लगाम कापला तर त्या उतरंडीचं एक मडकं तरी फुटेल. आपल्यातलेच काहीजण 'आम्ही नाही कातड्याला हात लावत' म्हणून नाक मुरडतात. ते नाक कुठून आलं, त्याचा तपास त्यांनी घरीच करावा.

उलट बाजूचंही बघा. २०२५च्या जूनमधे मिलानच्या फॅशन शोत प्राडानं कोल्हापुरीसारख्याच चपला चालवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाली तेव्हा कबुली आली. कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातले आठ जिल्हे त्यात आहेत. पण त्या चपलेवरची वेणी घरात बसून विणणारी बाई? ती ना मानांकनाच्या बातमीत, ना मिलानच्या. अन् वेणी म्हणजे दागिनाच की! पायात होती म्हणून कुणी तिला दागिना म्हटलं नाही.

धारावीत सुधीर राजभर यांनी वेगळं करून दाखवलंय. २०१५ साली राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, चामड्यावर जगणारे कारागीर बेकार झाले. त्यांना घेऊन त्यांनी टाकाऊ रबरातून बॅगा शिवल्या अन् दुकानाला नाव दिलं 'चमार स्टुडिओ'. शिवी होती ती पाटीवर लावली. ज्याला बॅग हवी त्यानं तो शब्द तोंडानं उच्चारावा. एका पाटीनं जात मरत नाही हे आम्हालाही कळतं, पण लाजेनं नाव लपवून माल विकण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

कर्जत अन् खोपोली लोकलच्या बायकांच्या डब्यात कानातल्यांचे बोर्ड घेऊन बाया चढतात, गर्दीत तोल सांभाळत विकतात. जाळं तिथं तयार आहे, फार्महाऊसवाल्याच्या ओसरीवर मांडामांड करायची गरज नाही. पट्टा फुकट मिळाला म्हणून जोड स्वस्त द्यायचा नाही. ७ जोडांचे चार-पाच तास, हुक, दोरा, मेण, अन् विकणारीचा वाटा, हे सगळं किमतीत धरा. प्रत्येक जोडामागं पुठ्ठ्याचं कार्ड लावा. त्यावर कापणाऱ्याचं नाव, शिवणारीचं नाव, गाव, अन् खाली मजुरीचा आकडा.