रोर्कची जमीन कोणाची?

मंडळाच्या मागील बैठकीत एका तरुण अभियंत्याने आयन रँड या लेखिकेवर निबंध वाचला. निबंध अभ्यासपूर्ण होता, वाचनही प्रभावी झाले. समारोपात तो म्हणाला की, जगात माणसे दोनच प्रकारची असतात : निर्माण करणारी आणि त्यांच्या जिवावर जगणारी, सरकारी नोकर दुसऱ्या प्रकारात मोडतात. श्रोत्यांत आम्ही चार निवृत्त सरकारी नोकर होतो. आम्ही हसलो, टाळ्या वाजवल्या आणि चहा घेऊन घरी परतलो. रात्री मात्र मनाला टोचणी लागली. मत पटलेले नसताना तरुणाला टाळ्या देणे हा त्याचा गौरव नव्हे, उपेक्षा आहे. म्हणून हे उत्तर.

आधी रँडबाईंचे देणे देऊन टाकतो. १९०५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या या मुलीने वडिलांचे औषधांचे दुकान बोल्शेविकांनी जप्त केलेले पाहिले. १९२६ साली ती अमेरिकेस गेली, परक्या भाषेत लिहू लागली आणि १९४३ साली ‘द फाउंटनहेड’ व १९५७ साली ‘अ‍ॅटलास श्रग्ड’ या कादंबऱ्यांनी जगभर वाचक मिळवले. सत्तेच्या नावाने होणाऱ्या लुटीचा तिचा संताप उसना नव्हता. आमच्या विद्यार्थिदशेत ‘फाउंटनहेड’ची जीर्ण प्रत वसतिगृहात या खोलीतून त्या खोलीत फिरत असे. विसाव्या वर्षी ती मीही एका बैठकीत वाचली. पुढे मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादांमुळे या कादंबऱ्या मराठीतही आल्या. ज्या घरांत मुलाने काय शिकावे आणि कोणाशी लग्न करावे हे वडीलधारीच ठरवतात, तिथे कोणापुढेही मान न तुकवणारा हॉवर्ड रोर्क तरुणांना आपला वाटला, तर नवल नाही. तेवढा धीर तिने पुष्कळांना दिला, हे मान्य.

पण धीर देणे वेगळे आणि दृष्टी देणे वेगळे. ‘मी माझ्या बुद्धीने जगेन’ एवढ्यावर हे वाचन थांबत नाही. ‘जो मागे राहिला तो त्याच्याच दोषाने’ हे त्याचे दुसरे पाऊल असते. पहिल्या वाक्याने माणूस ताठ होतो, दुसऱ्याने निष्ठुर. गेल्या काही दशकांत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने पहिले वाक्य तोंडपाठ केले आणि दुसरे आचरणात आणले. रँडबाईंच्या वर्तुळातले अ‍ॅलन ग्रीनस्पॅन १९८७ ते २००६ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख होते. बँका निदान स्वतःच्या हितासाठी तरी सावध राहतील, या आपल्या श्रद्धेत दोष होता, अशी कबुली त्यांना ऑक्टोबर २००८ मध्ये संसदीय समितीपुढे द्यावी लागली. गुरूचा तोरा सर्वांनी उचलला. शिष्याची कबुली मात्र आमच्या तरुण मित्राच्या निबंधात आली नाही.

आता गोष्ट आपल्या दाराशी आणतो. मार्च १९७४ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी प्रबोधिनीत रँडबाईंचे व्याख्यान झाले. नंतर अमेरिकेच्या मूलनिवासींविषयी प्रश्न विचारला गेला. त्यांच्या उत्तराचा आशय असा : त्या लोकांना मालमत्तेची कल्पनाच नव्हती, म्हणून त्या भूमीवर त्यांचा हक्क नव्हता, आणि युरोपीयांनी ती घेतली हे योग्यच झाले. हा अनवधानाने सुटलेला शब्द म्हणता येणार नाही. तिच्या विचारसरणीचा तो सरळ निष्कर्ष आहे. ज्याच्यापाशी कागद नाही, त्याचे काहीच नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात राहून हे वाक्य आपण कसे ऐकावे? गोंड आणि कोलाम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती, तिचे पट्टे बहुतेकांपाशी नव्हते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, तेव्हाच कुठे सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाहणीस पाठवले गेले आणि त्या दशकात अनेक गोंडांना पट्टे मिळाले. पुढे १९५९चा जमीन हस्तांतरण विनियम आणि त्याची १९७०ची दुरुस्ती झाली, जिला आपण सारे ‘एक सत्तर’ म्हणून ओळखतो. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीस देता येत नाही, हे त्याचे सार. रँडच्या न्यायाने हा कायदा म्हणजे निर्मात्याच्या पायातली बेडी. महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या मला तो दुबळ्याच्या शेताभोवतीचा कुंपणकाटा वाटतो.

सरकार सोवळे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. गुडीहत्नूरहून उटनूरकडे जाताना इंद्रवेल्ली लागते. तिथे २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीचा हक्क मागायला जमलेल्या गोंडांवर सरकारच्याच पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आणि कुंपण राखायला नेमलेल्या हातांनीच ते वाकवलेलेही मी नोकरीत पाहिले आहे. परंतु राखणदार चोर निघाला, तर राखणदार बदलावा. कुंपण जाळू नये.

एक कबुलीही द्यायला हवी. माझे आजोबा किनवटकडून इकडे आले. आमच्या घरच्या सात एकरांचा जुना कागद नोकरीत असताना एकदा हाती आला. मूळ नाव गोंडाचे होते. मोबदला दोन हंगामांच्या धान्याच्या उधारीचा होता. व्यवहार तेव्हाच्या कायद्यात बसणारा होता. त्या जमिनीच्या उत्पन्नावर माझे शिक्षण झाले. मी ती परत केली नाही. पण त्या दिवसापासून ‘मी स्वकष्टाने वर आलो’ हे वाक्य माझ्या तोंडून निघालेले नाही. निबंध वाचणाऱ्या आमच्या मित्राने, आणि आपण सर्वांनीच, आपल्या घरची दप्तरे एकदा उघडून पाहावीत.

व्यक्तिस्वातंत्र्य शिकायला आपल्याला इतके दूर जाण्याचे कारणही नव्हते. आगरकरांनी मिल्ल आणि स्पेन्सर पचवले, १८८८ साली ‘सुधारक’ काढला, आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. रोर्कला एवढे सोसावे लागले नव्हते. पण आगरकरांचा व्यक्तिवाद विधवेच्या केशवपनाविरुद्ध आणि बालविवाहाविरुद्ध उभा राहिला. स्वतःचे पुरेसे झाल्यावर दार लावून बसला नाही. अलीकडचे उदाहरण शरद जोशींचे. सरकारी धोरणच शेतकऱ्याला लुटते, हे त्यांनी रँडबाईंइतक्याच तिखटपणे सांगितले. परंतु त्याच माणसाने १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. स्वातंत्र्य खरे की खोटे, याची माझी कसोटी एकच आहे : ते मिळाल्यावर माणूस ते कोणाच्या नावे करतो?

शेवटी रोर्ककडेच येतो. त्याने स्वतः आखलेली इमारत सुरुंगाने उडवली आणि तो निर्दोष सुटला. कोणी सोडवले? न्यायालयात बसलेल्या सामान्य ज्यूरीने. ज्या समाजाला तो तुच्छ मानत होता, त्याच्याच न्यायसंस्थेने. कादंबरीतील हा विरोध तिच्या भक्तांना कधी दिसत नाही.

आमच्या तरुण मित्राने पुढील बैठकीत आगरकरांवर निबंध वाचावा, अशी मी मंडळास विनंती करतो. त्या वेळी मी नुसत्या टाळ्या वाजवणार नाही, प्रश्न विचारीन. त्यानेही मला माझ्या सात एकरांविषयी विचारावे.