शोधनिबंधांची दुकाने

बाबासाहेबांचा जातिसंस्थेवरील निबंध १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला, तो विचाराच्या बळावर. आज पैसे भरा आणि छापून घ्या, अशी दुकाने थाटली आहेत. मे २०१८ मध्ये यूजीसीने आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके काढली. त्याच वर्षी पुण्याच्या अभ्यासकांनी विद्यापीठांच्याच शिफारशीने यादीत शिरलेली १००९ नियतकालिके तपासली. ८८ टक्के अपात्र ठरली! फेब्रुवारी २०२५ मध्ये तर यूजीसीने केअर यादीही बंद केली आणि पारख पुन्हा विद्यापीठांवर सोपवली. शेत खाणाऱ्या कुंपणावरच राखण! उद्या मुलाखतीत ‘बोगस’ हा शिक्का बसेल तो पहिल्या पिढीतल्या आमच्या संशोधकावर. शिफारस करणारे नामानिराळे. कोणत्या नियतकालिकाची शिफारस कोणी केली, ती नावे विद्यापीठांनी जाहीर करावीत, एवढीच आमची मागणी आहे.