बोटीवर राहिलेल्यांचं नाटक

गेल्या महिन्यात बोर्ली पंचतनला एका लग्नाला गेले होते. हळदीच्या रात्री ढोलकी निघाली. मुलींची सिनेमाची गाणी संपल्यावर नव्वदीच्या एका दादींनी जुनं गाणं धरलं. बायको बोटीवरच्या नवऱ्याला विचारते, ईदला येणार की पावसाळा सरल्यावर? दोन कडवी झाली आणि दादी थांबल्या. "पुढचं आठवत नाही. माझी आई म्हणायची. बाबा लढाईत बोटीवरच राहिले."

राहिले, म्हणजे परत आलेच नाहीत.

सकाळी चहाला माझी कॉलेजातली भाची म्हणाली, "मावशी, यावर नाटक बसवूया. गाण्यांसकट." शेजारी बसलेल्या चाचांना ते पटलं नाही. "नाटकबिटक आपल्याकडे कशाला? आणि असल्या जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार?"

चाचांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. आपल्या किनाऱ्यावरची किती घरं खलाशी, टंडेल, सारंग यांच्या कमाईवर उभी राहिली! दुसऱ्या महायुद्धात या व्यापारी बोटींवर पाणबुड्यांचे हल्ले झाले. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात एक स्मरणग्रंथ आहे. समुद्रात गेलेल्या, कबर नसलेल्या सुमारे ६,५०० हिंदी नाविकांची आणि खलाशांची नावं त्यात आहेत. तशीच दुसरी प्रत चितगावला आहे. १७ सप्टेंबर १९४० ला 'सिटी ऑफ बनारस' ही बोट अटलांटिकमध्ये बुडाली. कॅनडाला निघालेल्या ९० इंग्रज मुलांपैकी ७७ गेली. त्या मुलांवर पुस्तकं निघाली. त्याच बोटीवर सुमारे शंभर हिंदी खलाशीही गेले. त्यांच्या घरी कोण वाट पाहत होतं, हे कोणी विचारलं नाही. आपण तरी विचारणार की नाही?

राहिली नाटकाची गोष्ट. लढाई चालू असतानाच, मे १९४३ मध्ये, मुंबईत 'इप्टा' ही लोकनाट्य चळवळ सुरू झाली. सरमळकरांचं 'दादा' हे गिरणी कामगाराच्या घराचं मराठी नाटक तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांतलं. कामगारांच्या घरातलं दुःख कामगारांपुढेच मांडायचं, ही रीत तिथली. पुढच्याच वर्षी अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं करणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गाण्याचा ठेवा त्यांना आईकडून, मुनेरबींकडून मिळाला. म्हणजे चाचा, हे 'आपल्याकडे' नव्हतं असं नाही. आईच्या तोंडचं गाणं घराबाहेर न्यायला कोणीतरी हवं होतं, एवढंच.

भाचीच्या नाटकाला लागणारा पेचही इतिहासातच आहे. नवऱ्याचं पत्र थांबलं. मय्यत नाही, कबर नाही. ही बाई सुहागन की बेवा? इद्दत कधी सुरू करायची? सासू म्हणते, माझा मुलगा येणार. बाप म्हणतो, पोरीचं आयुष्य पडलंय. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल तर बायकोला कोर्टाकडून निकाह संपवून घेता येईल, असा कायदा १९३९ मध्ये आला होता. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा. बोर्ली तेव्हा जंजिरा संस्थानात, नवाबांच्या अमलाखाली. शिवाय कायदा असला तरी ज्या सासूच्या हातचं जेवायचं, तिच्यासमोर "तो गेला" हे म्हणायचं कोणी? यात दुष्ट कोणीच नाही. म्हणून तर ते पाहताना गळा भरून येईल.

थाटमाट लागणार नाही. एक पडवी, एक कंदील, एक ढोलकी. लढाईचा आवाज नको. दारावर पोस्टमनची हाक पुरे. गाणी लग्नातलीच घ्यावीत, आणि जे गाणं पहिल्या प्रवेशात हसत म्हटलं, तेच शेवटी एकट्या सासूनं म्हणावं. शाळेच्या गॅदरिंगला करावं की अंगणात फक्त बायकांपुढे, ते ज्या त्या मोहल्ल्यानं ठरवावं.

मात्र उशीर नको. १९४२ साली सात वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीत आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या दादी-नानीपाशी तासभर बसा. फोनवर गाणं रेकॉर्ड करा, बोटीचं आणि माणसाचं नाव वहीत लिहून घ्या.

भाचीनं दोन कडवी उतरवून घेतली आहेत. चाचांनी अजून होकार दिलेला नाही, पण निघताना ट्रंकेतून आपल्या वडिलांचा बोटीवरचा फोटो काढून तिच्या हातात ठेवला. म्हणाले, "कपडे असे होते. चुकवू नका."

तिसरं कडवं कोणाच्या घरात राहिलं असेल, तर आम्हाला जरूर लिहून पाठवा.