गाडी पंधरा वर्षांची, जबाबदारी किती?

मोटार बनवणारी कंपनी देशातून गाशा गुंडाळते, तेव्हा जमीन कोण घेणार आणि कामगारांचे काय होणार यावर चर्चा झडते. ती व्हायलाच हवी. पण त्याच कंपनीची गाडी ज्याच्या दारात उभी आहे, त्याची विचारपूस कोणी करत नाही. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात शेव्हरोले गाड्यांची विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी आणखी काही काळ चालला आणि २०२० च्या अखेरीस थंडावला. आज तो ह्युंदाईकडे आहे. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले; साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला. कारखान्यांना नवे मालक मिळाले. बीट, टवेरा, फिगो, इकोस्पोर्ट घेणाऱ्यांची जबाबदारी मात्र कोणी अंगावर घेतली नाही.

सुटे भाग मिळत राहतील, वॉरंटी पाळली जाईल, अशी ग्वाही दोन्ही कंपन्यांनी दिली होती. पण ती ग्वाही गाडीवाल्यापर्यंत पोचते डीलरच्या सर्व्हिस सेंटरमधून, आणि नव्या गाड्यांची विक्री थांबली की डीलरचे गणितच कोलमडते. शोरूमचे भाडे, बँकेचे कर्ज, पगार हे सारे केवळ सर्व्हिसिंगच्या उत्पन्नावर भागत नाही. फोर्ड गेली तेव्हा तिचे १७० डीलर, ३९१ विक्री केंद्रे, त्यांत गुंतलेले सुमारे २,००० कोटी रुपये आणि जवळपास ४०,००० नोकऱ्या असल्याचे वाहन वितरकांच्या ‘फाडा’ या संघटनेने सांगितले होते. असा डीलर शटर ओढतो किंवा दुसऱ्या कंपनीची पाटी लावतो, आणि प्रशिक्षित मेकॅनिक नवी नोकरी शोधतात.

मग जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला सर्व्हिसिंगसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन ही कामे गावातला चांगला फिटर करतो. पण सेन्सर बिघडला, एअरबॅगचा दिवा लागला किंवा चावी हरवली, की कंपनीचा स्कॅनर आणि सॉफ्टवेअर लागते. ते त्याच्याकडे नसते. एका हेडलाइटसाठी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. डीलरकडे आगाऊ भरलेले सर्व्हिस पॅकेजचे पैसे कोणाकडे मागायचे, हे कळत नाही. जुन्या बाजारात गाडीला पुसणारे कमी होतात. टवेरा तर आपल्याकडे अनेकांनी प्रवासी वाहतुकीसाठी घेतली होती. अशी गाडी उभी राहिली की घरात येणारा पैसा थांबतो, कर्जाचा हप्ता थांबत नाही.

याला बाजाराचा नियम म्हणून सोडून देणे आम्हाला मान्य नाही. खासगी गाडीची नोंदणी सरकार १५ वर्षांसाठी करते. महाराष्ट्रात तिचा रस्ता कर सुरुवातीलाच एकरकमी घेतला जातो. गाडी इतकी वर्षे रस्त्यावर राहील हे गृहीत धरून राज्य आपला वाटा आधीच वसूल करते. तेवढाच काळ ती दुरुस्त करता येईल याची हमी विकणाऱ्याकडून घेण्याचे कर्तव्यही मग राज्याचेच ठरते.

रस्ता अनोळखी नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यांच्यावरचा ठपका होता. प्रकरण अपिलांमध्ये गेले, पण आयोगाने ओळखलेले दुखणे खरे होते. जी कंपनी देश सोडते, तिच्या बाबतीत तर ही कुलूपबंदी क्षणभरही खपवून घेता कामा नये. अमेरिकेत डीलरांना कंपनीविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाट देणारा संघीय कायदा १९५६ मध्येच झाला. आपल्याकडे ‘फाडा’ अशा संरक्षणाची मागणी सतत करत आहे आणि संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनेही त्याची शिफारस केली आहे. केंद्राने हा कायदा आता आणावा. मात्र त्यात डीलरइतकेच स्थान ग्राहकाला हवे: शेवटची गाडी विकल्यापासून १५ वर्षे सुटे भाग, जाताना सर्व गॅरेजांना दुरुस्तीची माहिती व सॉफ्टवेअर खुले, आणि वॉरंटी व पॅकेजच्या देण्यांसाठी बँकेत वेगळी ठेवलेली रक्कम. कारखाना विकून आलेला पैसा देशाबाहेर नेण्याआधी ही रक्कम भरली गेली पाहिजे.

राज्य सरकारला तोवर थांबण्याचे कारण नाही. डीलरला व्यवसाय प्रमाणपत्र आरटीओच देते, आणि कोणाकडे कोणती गाडी आहे हे ‘वाहन’ प्रणालीत नोंदलेले असते. डीलरने काम बंद करताना ग्राहकांची देणी कशी भागवणार हे लेखी कळवावे, आणि आरटीओने त्या गाड्यांच्या प्रत्येक मालकाला जवळचे पर्यायी केंद्र व तक्रारीचा पत्ता मोबाइलवर पाठवावा, एवढा आदेश परिवहन खाते आजही काढू शकते.