परिक्रमा तुकड्यांनी केली तर बिघडले कुठे?

गेल्या वर्षी आषाढातली गोष्ट. दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. वय चौसष्ट, मधुमेह अकरा वर्षांचा, रक्तदाबाची एक गोळी चालू. सोबत मुलगा. गुरुजी खुर्चीत बसायच्या आतच मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आता तुम्हीच समजवा यांना. आई गेल्यापासून एकच धरून बसलेत, नर्मदा परिक्रमा करायची. तीही पायी आणि एकट्याने!"

गुरुजी काही बोलले नाहीत. माझ्या तोंडून काय निघणार हे त्यांनी गृहीतच धरले होते.

पाच-सहा वर्षांपूर्वी अशाच एका गृहस्थांना मी ते बोललोही होतो. त्यांनाही मधुमेह होता. "या वयात असले काही करू नका," एवढे एका वाक्यात सांगून मी पुढचा रुग्ण आत बोलावला. मला न सांगता ते निघून गेले. अनवाणी, एका दमात परिक्रमा पूर्ण करायची असा त्यांचा संकल्प होता. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे काटा रुतला तरी कळला नाही. जखम चिघळली, पण संकल्प मोडायचा नाही म्हणून ते आणखी आठ दिवस चालत राहिले. परत आले तेव्हा उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. चूक त्यांची होती, तशी माझीही होती. मी नुसते 'नाही' म्हणालो होतो. जायचेच असेल तर कसे जावे, हे सांगितले नव्हते. 'जाऊ नका' असे सांगितलेला माणूस पुन्हा विचारायला येत नाही, हा धडा मी त्या दोन बोटांच्या किमतीत शिकलो.

म्हणून या वेळी गुरुजींना म्हणालो, "जा. पण एका दमात नको, तुकड्यांनी करा."

वाचकहो, नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत दोन्ही तीर धरले तर चाल २,६०० किलोमीटरच्या वर जाते. धरणांच्या जलाशयांमुळे वळसे पडतात, ते वेगळेच. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, चातुर्मासात मुक्काम करायचा, अशा रीतीने परंपरेत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस सांगितले आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी घाई सांगितलेली नाही. घाई आपली आहे. हल्ली बरेच जण चार-पाच महिन्यांत पायी परिक्रमा उरकतात, आणि त्यात जो बसत नाही त्याला वाटते की आपल्या नशिबी गाडीच. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे खंड परिक्रमा. आठ-दहा दिवस चालायचे, घरी यायचे आणि पुढच्या वेळी जिथे थांबलो तिथूनच पाऊल उचलायचे.

काहींना ही परिक्रमा अर्धवट वाटते. त्यांनी जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड आठवावेत. ते १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदाकाठाने चालायला निघाले. नोकरी-संसार सांभाळून, बहुधा सोबत्यांबरोबर, अनेक वर्षे तुकड्यातुकड्यांनी ते चालत राहिले. त्यांच्या नर्मदेला कोणी अर्धवट म्हटलेले ऐकिवात नाही.

वैद्यकीय दृष्टीनेही तुकड्यांची चाल साठीनंतर अधिक शहाणपणाची. रोजच्या चालीने दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. पण स्नायूबंध, सांध्यांभोवतीचे पट्टे आणि पायाची हाडे हळूहळू तयार होतात. दम आहे म्हणून माणूस रोज वीस किलोमीटर चालत सुटतो, आणि टाच, घोटा किंवा गुडघा बोलू लागतो. तेव्हा थांबणे हेच औषध असते. एका दमात निघालेला माणूस थांबत नाही, कारण थांबणे त्याला हरणे वाटते. तुकड्यांनी चालणाऱ्याला घरी परतण्यात कमीपणा वाटत नाही. शिवाय मध्ये साखर, रक्तदाब, पाय सगळे तपासता येते. तोटाही सांगतो. दर खेपेला पहिले तीन-चार दिवस शरीराला पुन्हा नव्याने सवय करावी लागते. फोड याच दिवसांत येतात. म्हणून दोन खेपांच्या मधले महिने खाटेवर घालवू नयेत.

गुरुजींची तयारी आम्ही आषाढातच सुरू केली. आधी हृदयाची तपासणी, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडाचे रक्त आणि तळव्यांची संवेदना पाहिली. मग रोज अर्धा तास चाल. दर आठवड्याला थोडी वाढवत, भाद्रपदाच्या शेवटी पाठीवर पिशवी घेऊन बारा किलोमीटर. पिशवीचे वजन स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकेच. बूट नवे घेऊन थेट वाटेला लागायचे नाही. ते आधी महिनाभर वापरायचे, आणि बोटांपुढे थोडी जागा हवी. मधुमेह्याने अनवाणी चालू नये, यावर मी तडजोड केली नाही. "मैया रागावेल का?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "आई लेकराच्या पायात काटा मोडलेला बघून खूश होते का?"

रोज रात्री आरशात तळवे पाहायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. लहान फोड फोडायचा नाही, झाकायचा. लाली, सूज किंवा पू दिसला तर चाल बंद. चालण्याने साखर उतरते, आणि काही गोळ्या व इन्सुलिन घेणाऱ्यांची ती रात्री झोपेतही उतरू शकते. वाटेवर सदावर्तात जेवण मिळते, पण त्याची वेळ आपल्या हाती नसते. म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोज हवेच, आणि औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवलेली हवी. ती मनाने बदलू नये, बंद तर मुळीच करू नये. पाणी उकळलेले किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध केलेले. जलसंजीवनीची पाकिटे सोबत. होळीनंतर ऊन चढते, तेव्हा साठीपुढच्यांनी निघूच नये. छातीत दडपण आले, भोवळ आली तर तिथेच बसायचे आणि १०८ ला फोन करायचा.

आता 'एकट्याने' याबद्दल. मुलांची खरी भीती तीच असते, आणि ती खोटी नाही. पण नर्मदाकाठी परिक्रमावासी तितकासा एकटा नसतो. गावे आहेत, आश्रम आहेत, "नर्मदे हर" म्हटले की ओट्यावर जागा मिळते. शूलपाणीच्या झाडीसारखा दुर्गम टप्पा मात्र सोबतीनेच करावा. अंधार पडल्यावर चालू नये. खिशात नाव, आजार, औषधे आणि घरचा नंबर लिहिलेला कागद ठेवावा, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी घरी फोन करावा. एवढे पाळले तर धोका शून्य होत नाही, पण झेपेल इतका होतो. घरात कोपऱ्यात बसून राहण्यालाही धोका असतोच. तो दिसत नाही, इतकेच.

गुरुजी कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघाले. बडवानीपर्यंत जायचे ठरले होते. सहाव्या दिवशी टाचेला फोड आला. त्यांनी फोन केला, आश्रमात दोन दिवस विश्रांती घेतली. लाली गेली नाही, तेव्हा बडवानी न गाठताच एसटीने परत आले. मुलगा म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो!" मी टाच पाहिली. आठ दिवसांत भरेल इतकीच जखम होती. ती दोन बोटे मला त्या क्षणी आठवली. गुरुजींनी बडवानी गाठली असती तर मी इतका खूश झालो नसतो. ते वेळेवर थांबले, हे मला अधिक मोलाचे वाटले.

माघात ते पुन्हा गेले, जिथे थांबले होते त्याच घाटावरून. या खेपेला मुलाने त्यांना स्टँडवर सोडले आणि पिशवी स्वतः तोलून पाहिली, असे गुरुजींनी मला सांगितले.

माझी विनंती मुलांना आहे आणि माझ्या डॉक्टर बंधूंनाही. घरातले वडीलधारे असे काही ठरवतात तेव्हा लगेच दार लावू नका. आधी पाय तपासा, दिवस ठरवा, तुकडा ठरवा. आणि ज्यांना निघायचे आहे त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की नदी पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. आपले पाय असतील का, हे आपण आज कुठे थांबतो यावर अवलंबून आहे.