शी आणि शी!

मंडळी, विषय ऐकून नाकं मुरडू नका. ज्या घरात दोन-अडीच वर्षांचं पोर आहे, तिथे सध्या याहून मोठा विषय नसतो. त्यातून बालवाडीची अट असली, 'डायपर सुटलेलं हवं', की घरादाराची घाई सुरू होते.

घाईने हे काम होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी आज्या मान धरलेल्या बाळाला पाय लांब करून पावलांवर बसवत आणि 'शूऽऽ' करत. पद्धत चांगलीच, पण त्यात वेळ ओळखायला शिकायची ती आजी. मूल आपणहून सांगू लागतं ते साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान. दोन तास चड्डी कोरडी राहते, ती स्वतः खाली ओढता येते, साधी सूचना कळते; एवढं जमू लागलं की समजावं, तयारी झाली. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली हेच मांडलं होतं: मुलाच्या कलाने घ्या.

मग हवं ते सातत्य, आणि ते मोठ्यांचं. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून न्याहारीनंतर रोज त्याच वेळी पाच मिनिटं बसवावं. कमोड असेल तर पायांखाली पाट द्यावा. पाय लोंबकळत असले की नीट कुंथता येत नाही. आई पॉटीवर बसवते, आजोबा मोरीत नेतात, सांभाळणाऱ्या मावशी डायपर घालून मोकळ्या होतात. यात पोराने काय समजायचं?

आणखी एक गंमत बघा. आपल्या भाषेत त्या क्रियेलाही 'शी' म्हणतात आणि किळस आली तरी आपण 'शी!' म्हणतो. शब्द एकच, फरक फक्त आपल्या चेहऱ्यात. मूल आपला चेहराच तर वाचतं! मग ते पडद्यामागे जाऊन उभं राहतं, शी रोखून धरतं. रोखली की खडा होतो, खडा झाला की दुखतं, आणि दुखलं की ते आणखी रोखतं. अशा मुलाला आपण हट्टी म्हणतो. खरं तर ते घाबरलेलं असतं. त्याला पाणी, पपई, भाजी द्या, आणि काही दिवस बसवण्याचा आग्रह सोडा. तरीही दुखत असेल किंवा रक्त दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा.

रात्रीचं गणित वेगळं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तर डॉक्टरही त्याला आजार म्हणत नाहीत, मग आपण चारचौघांत त्याची चर्चा कशाला करायची?

ओली चड्डी दोन मिनिटांत धुऊन होते. मनात बसलेली लाज धुवायला मात्र फार वर्षं लागतात. बालवाडी काय, दोन महिन्यांनीही सुरू करता येते.